लपणे आणि हेरणे : टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधील एका नियमाचा इतिहास

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हा मुख्यतः बोलण्याचा खेळ आहे. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण गेम मास्टर असतो. तो जग, त्यातली माणसे आणि प्रसंग उभे करतो. बाकीचे खेळाडू एकेका पात्राच्या वतीने काय करायचे ते सांगतात, आणि निकालाविषयी शंका असेल तेथे फासे टाकले जातात. तलवारीचा वार लागला की नाही हे फाशाने ठरवणे सोपे असते, कारण तो निकाल सगळ्यांना एकाच क्षणी कळतो. पहारेकऱ्याची नजर चुकवून निसटणे तसे नसते. लपणाऱ्याला आपण दिसलो की नाही हे माहीत नसते, पहारेकऱ्याला तेथे कोणी आहे हेच माहीत नसते, आणि गेम मास्टरला मात्र दोन्ही माहीत असते. कोणाला काय ठाऊक आहे याचा हिशेब टेबलावर कसा सांभाळायचा, हा प्रश्न या खेळांच्या जन्माआधीचा आहे. दोनशे वर्षांत त्याला मिळालेल्या उत्तरांतूनच ‘स्टेल्थ’ आणि ‘पर्सेप्शन’ या नावांचे आजचे नियम घडले.

प्रशियातील पंच

या प्रश्नाचे पहिले नेटके उत्तर प्रशियाच्या लष्करात सापडते. गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्स याने १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचे एक टेबल सादर केले. त्याचा मुलगा तोफखान्यात होता. त्याने हा खेळ सुधारून १८२४ मध्ये त्याची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. ‘क्रीग्सश्पील’ या नावाने तो ओळखला जातो. मुलाने चौकोनांचा पट सोडून १:८००० प्रमाणाचे खरे भूनकाशे घेतले आणि एका चालीचा काळ दोन मिनिटांचा धरला. पण त्याची सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे दोन्ही बाजूंच्या मध्ये बसणारा पंच.

पटावर दोन्ही सैन्ये उघड मांडली की लपण्याला जागाच उरत नाही. म्हणून क्रीग्सश्पीलमध्ये सेनापतीची भूमिका घेणारे खेळाडू आपले हुकूम पंचाला देत. टेकडीआड किंवा जंगलात असलेली तुकडी पंच नकाशावर ठेवतच नसे. ती शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात आली की मगच तिचा ठोकळा पटावर येई. नुकसान किती झाले हे फासे ठरवत, पण कोण कोणाला दिसते हे पंच ठरवत असे. पुढे १८७६ मध्ये युलियस फॉन वेर्दी या सेनाधिकाऱ्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. कोष्टके आणि फासे बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा, असे त्याने सुचवले. या पद्धतीला ‘मुक्त’ क्रीग्सश्पील म्हणतात. नियम की निवाडा, हा पुढे दीर्घकाळ चाललेला वाद येथेच सुरू झाला होता.

ही परंपरा अमेरिकेत पोहोचली ती चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगोस’ या पुस्तकातून. मिनेसोटातील डेव्हिड वेस्लीने त्यातली सर्वाधिकारी पंचाची कल्पना उचलली आणि १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ घेतला. नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावात प्रत्येक खेळाडूला एकेका व्यक्तीची भूमिका मिळाली, आणि प्रत्येकाचे डाव एकमेकांपासून गुप्त राहिले. त्याच गटातील डेव्ह अर्नेसनने १९७१ पासून ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम चालवली. किल्ल्याखालच्या अंधाऱ्या तळघरात पात्रे उतरू लागली. समोर काय आहे हे फक्त पंचाला ठाऊक असे.

सहा बाजूंचा फासा

अर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हाचा गॅरी गायगॅक्स यांनी मिळून केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाहेर पडला. त्यात लपण्याचे कौशल्य असे काहीच नव्हते. होती ती चाहुलीविषयीची तीन-चार छोटी कलमे, आणि ती सगळी सहा बाजूंच्या फाशावर चालत.

पहिले कलम बेसावध गाठले जाण्याचे. दोन गट अचानक समोरासमोर आले की फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर तो गट गाफील सापडला. दुसरे दाराला कान लावण्याचे. माणसाला सहात एक आणि एल्फ, ड्वार्फ किंवा हॉबिटला सहात दोन एवढी शक्यता होती. भुताखेतांचा मात्र कधीच आवाज येत नसे. तिसरे गुप्त दाराचे. मुद्दाम शोधणाऱ्या माणसाला सहात दोन, तर एल्फला सहात चार. एल्फ नुसता जवळून गेला तरी त्याला सहात दोन एवढी संधी मिळे. न मागता आपोआप मिळणाऱ्या निरीक्षणाची कल्पना येथे बीजरूपाने दिसते.

आकडे साधे होते, पण त्यांच्यामागे वेळेचा काटेकोर हिशेब होता. भिंतीचा दहा फुटांचा तुकडा तपासायला दहा मिनिटांची एक ‘टर्न’ खर्च होई. प्रत्येक टर्नच्या शेवटी पंच फासा टाकी आणि ६ पडले तर भटकता राक्षस समोर येई. त्यामुळे प्रत्येक भिंत चाचपत बसणे परवडत नसे, आणि कोठे शोधायचे हे खेळाडूंना डोके लढवून ठरवावे लागे. दबकत जायचे असेल तर खेळाडू तसे सांगे : बूट काढले, मशाल विझवली, भिंतीला चिकटून चाललो. ते कितपत जमले हे पंच ठरवी. हे कोणत्याही पात्राला करता येत होते.

चोराचे आगमन

ही स्थिती वर्षभरातच बदलली. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील खेळाडूंच्या एका गटाने चोर हे नवे पात्र तयार केले होते. त्या गटातील गॅरी स्वित्झरकडून ही कल्पना गायगॅक्सला कळली. त्याने आपली आवृत्ती १९७४ मध्ये एका छोट्या वार्तापत्रात आणि मग १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत दिली. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, खिसे कापणे, आवाज न करता चालणे आणि सावलीत लपणे ही चोराची खास कामे ठरली. त्यांतल्या बहुतेकांचा निकाल शंभरपैकी किती, अशा टक्केवारीवर होता.

या टक्केवारीचा परिणाम १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नीट पाहता येतो. पहिल्या पातळीच्या चोराला आवाज न करता चालण्याची शक्यता १५ टक्के आणि सावलीत लपण्याची १० टक्के होती. एखाद्या प्रसंगी दोन्ही साधणे गरजेचे असेल, तर यशाची शक्यता दीड टक्का उरते. दहाव्या पातळीला हेच आकडे ७८ आणि ६३ होतात, आणि दोन्ही मिळून निम्म्याच्या जरा खालीच राहतात. शिवाय ही टक्केवारी समोर कोण आहे याच्याशी बांधलेली नव्हती. पेंगणारा शिपाई असो की सावध ड्रॅगन, चोराचा आकडा तोच. म्हणजे नियमाने लपणाऱ्याला मोजले होते, शोधणाऱ्याला नाही.

दुसरा परिणाम जास्त खोल होता. आवाज न करता चालणे हे चोराचे कौशल्य म्हणून लिहिले गेल्याबरोबर इतर पात्रांना ते जमते की नाही, याविषयी शंका उभी राहिली. जी गोष्ट काल कोणीही वर्णन करून करीत होते, ती आज एका पात्राच्या मालकीची झाली. चोराची कौशल्ये ही जवळजवळ अद्भुत पातळीची आहेत आणि साधे दबकणे सर्वांनाच खुले आहे, असा अर्थ काही गेम मास्टरांनी लावला. पण पुस्तकात तो स्पष्ट नव्हता, आणि जुन्या खेळाच्या चाहत्यांमध्ये हा वाद आजही चालू आहे.

तिसरी अडचण फासा कोणी टाकायचा याची. खेळाडूने स्वतः टाकला आणि वाईट आकडा पडला, तर आपण उघडे पडलो हे त्याला लगेच कळते, आणि त्याचे पात्र त्या जाणिवेने वागू लागते. म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘बेसिक’ नियमांत चोराचा हा फासा गेम मास्टरने गुपचूप टाकावा आणि चोराने आपण यशस्वी झालो असेच धरून चालावे, असे सांगितले गेले. याच सुमारास गेम मास्टरपुढे उभा करायचा पुठ्ठ्याचा पडदा रूढ झाला. त्याच्या आतल्या बाजूला कोष्टके छापलेली असत आणि आड नकाशा आणि फासे राहत. प्रशियातल्या पंचाने ठोकळे दडवले होते; आता फाशाचा आकडाही दडवला जाऊ लागला.

कौशल्य सर्वांसाठी

चोराची मक्तेदारी मोडणारे उत्तर १९७८ मध्येच आले. केऑसियम या प्रकाशनसंस्थेच्या ‘रूनक्वेस्ट’ या स्टीव्ह पेरिनप्रणीत खेळात पात्रांचे ठरावीक पेशे नव्हते. लपणे, आवाज न करता चालणे, कानोसा घेणे आणि दडलेली वस्तू हेरणे ही सगळी टक्केवारीची कौशल्ये होती आणि ती प्रत्येकाकडे कमी-जास्त प्रमाणात असत. जे कौशल्य यशस्वीपणे वापरले, ते पुढे वाढवण्याची संधी मिळे. मुख्य म्हणजे हेरणे हेही लपण्याइतकेच शिकता येण्याजोगे कौशल्य ठरले. एकाला मोजणारा नियम आता दोघांनाही मोजू लागला.

याच यंत्रणेवर सँडी पीटरसनने १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ कथुल्हू’ हा भयकथांचा खेळ उभा केला. त्यात पात्रे योद्धे नसतात. ती प्राध्यापक, वार्ताहर, गुप्तहेर अशी माणसे असतात आणि गूढ उकलणे हेच त्यांचे काम असते. त्यामुळे ‘स्पॉट हिडन’ हे कौशल्य खेळाच्या केंद्रस्थानी आले. कोणत्याही पात्राला ते २५ टक्क्यांपासून मिळे. पण येथे एक नवा दोष उघड झाला. टेबलाच्या कप्प्यात पत्र आहे, कथा पुढे नेणारा धागा त्याच पत्रात आहे, आणि सगळ्यांचे फासे फसले, तर तपास तेथेच ठप्प होतो. लपण्यातले अपयश नवा प्रसंग निर्माण करते. शोधण्यातल्या अपयशाने मात्र अनेकदा काहीच घडत नाही.

१९९१ मध्ये मार्क रीन-हेगनच्या ‘व्हँपायर : द मास्करेड’ने निरीक्षणशक्तीला ताकद किंवा बुद्धी यांच्या पंगतीला बसवले. ‘पर्सेप्शन’ हा त्यातल्या नऊ मूलभूत गुणांपैकी एक होता, आणि लपणाऱ्याचे फासे शोधणाऱ्याच्या फाशांविरुद्ध टाकले जात. माणसांत मिसळून आपले खरे रूप झाकणे हाच त्या खेळातल्या रक्तपिपासूंचा जगण्याचा मार्ग असल्याने लपणे हा तेथे साऱ्या कथेचा आधार झाला.

चार कौशल्ये आणि त्यांचे गणित

विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती काढली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी ती रचली होती. टक्केवारी जाऊन वीस बाजूंचा फासा आला, आणि लपणे-शोधणे ही थेट स्पर्धा झाली. ‘हाइड’विरुद्ध ‘स्पॉट’, ‘मूव्ह सायलेंटली’विरुद्ध ‘लिसन’. दोघांनी फासा टाकून आपापले गुण मिळवायचे, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. दर दहा फूट अंतरामागे पाहणाऱ्याचा एक गुण कमी. पूर्ण पोलादी चिलखत घातलेल्याला सहा गुणांचा तोटा. धावताना लपायचे तर तब्बल वीस गुण वजा. पेंगणारा शिपाई आणि सावध ड्रॅगन यांच्यात अखेर फरक पडला.

नियम न्याय्य दिसत होता, पण त्याचे गणित लपणाऱ्याच्या विरुद्ध जाई. समजा, एका फेरीत निसटण्याची शक्यता ७० टक्के आहे. वाटेत दोन पहारेकरी असतील आणि प्रत्येक जण पाहण्याचा आणि ऐकण्याचा असे दोन फासे टाकणार असेल, तर चारही वेळा यश मिळण्याची शक्यता २४ टक्क्यांवर येते. लपणाऱ्याला प्रत्येक फासा जिंकावा लागतो. शोधणाऱ्यांना एकच पुरतो. सहा जणांचा गट मिळून निघाला आणि प्रत्येकाला ७५ टक्के संधी असली, तरी सगळे न दिसता पार होण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपासच राहते. त्यात एखादा खडखडणाऱ्या चिलखताचा असला तर विचारायलाच नको. म्हणून गट मागे ठेवून चोराला एकट्याला पुढे पाठवण्याची रीत पडली, आणि तो परत येईपर्यंत बाकीचे खेळाडू नुसते ऐकत बसत.

यावरचा पहिला उपाय कौशल्ये कमी करण्याचा होता. २००७ च्या ‘स्टार वॉर्स सागा एडिशन’मध्ये, २००८ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीत आणि २००९ च्या ‘पाथफाइंडर’मध्ये चारांच्या जागी दोनच कौशल्ये उरली : स्टेल्थ आणि पर्सेप्शन. फासे निम्म्यावर आले. दुसरा उपाय चौथ्या आवृत्तीने रूढ केलेल्या ‘पॅसिव्ह पर्सेप्शन’चा. मुद्दाम लक्ष न देणाऱ्या पात्राने फासा टाकायचा नाही. त्याच्या गुणात १० मिळवून येणारा आकडा हीच त्याची सावधगिरी. चार पहारेकरी असले तरी आता चोर एकदाच फासा टाकतो आणि तो आकडा चौघांच्या स्थिर आकड्यांशी ताडून पाहिला जातो. ‘पर्सेप्शनचा फासा टाका’ असे म्हणताच येथे काहीतरी आहे हे खेळाडूंना कळून जाई. तोही दोष यामुळे टळला.

तरीही या उपायाला किंमत होतीच. खेळाडूंचे स्थिर आकडे गेम मास्टरला आधीच ठाऊक असतात. सापळा किती अवघड ठेवायचा हे तोच ठरवतो. म्हणजे तो सापळा सापडणार की नाही, हेही त्याने खेळ सुरू होण्याआधीच ठरवलेले असते. शिवाय लपता नेमके कधी येते, हा मूळ प्रश्न सुटला नव्हता. चौथ्या आवृत्तीचा लपण्याचा नियम प्रसिद्धीनंतर लवकरच दुरुस्त करावा लागला, आणि त्याचे सुधारलेले रूप २००९ च्या ‘प्लेअर्स हँडबुक २’मध्ये छापले गेले.

फाशापासून दूर

याच काळात काही रचनाकारांनी प्रश्नच वेगळा मांडला. रॉबिन लॉजच्या ‘गमशू’ या पद्धतीवरचा ‘द एसोटेररिस्ट्स’ २००६ मध्ये आला आणि केनेथ हाइटचा ‘ट्रेल ऑफ कथुल्हू’ २००८ मध्ये. त्यांत योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य जागी शोधू लागले की मुख्य धागा त्याला मिळतोच. फासा लागत नाही. धागा सापडणे हा कथेचा आरंभ आहे आणि खरी कसोटी त्याचा अर्थ लावण्यात आहे, ही त्यामागची भूमिका.

व्हिन्सेंट बेकरच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने २०१० मध्ये निरीक्षणाच्या फाशाला प्रश्न विचारण्याचा अधिकार जोडला. फासा चांगला पडला की खेळाडू ठरावीक यादीतून प्रश्न विचारतो, उदाहरणार्थ सुटकेची सर्वांत चांगली वाट कोणती, आणि गेम मास्टरला खरे उत्तर द्यावे लागते. जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७ च्या खेळात सगळी पात्रे गुन्हेगारच असतात. तेथे एक वाईट फासा पडला म्हणून सारी चोरी उघडी पडत नाही. गेम मास्टर कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतो. प्रत्येक चुकीनंतर त्यातले काही भाग भरले जातात, आणि वर्तुळ पूर्ण भरले की पहारा जागा होतो. खेळाडूंना धोका वाढताना डोळ्यांसमोर दिसतो, आणि माघार घ्यायची की पुढे जायचे हा निर्णय त्यांच्या हाती राहतो.

उलट दिशेनेही एक चळवळ उभी राहिली. मॅट फिंचच्या २००८ च्या ‘क्विक प्रायमर फॉर ओल्ड स्कूल गेमिंग’ या पुस्तिकेने १९७४ च्या पद्धतीकडे परतण्याची मांडणी केली. शोधताना कौशल्याचा फासा टाकण्याऐवजी भिंतीवरचे प्राण्याचे डोके सरकवून पाहिले, मागे चाचपले, असे खेळाडूने सांगावे आणि सापडले की नाही हे गेम मास्टरने विचार करून ठरवावे. वेर्दीने १८७६ मध्ये घेतलेली भूमिका जवळजवळ हीच होती.

अलीकडची वळणे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही टोकांमधली वाट धरली. पॅसिव्ह पर्सेप्शन कायम राहिले. गटाने मिळून फासे टाकावेत आणि निम्मे यशस्वी झाले तर सारा गट यशस्वी धरावा, अशी सोय झाली. सहा जणांचे जुने गणित त्याने सुटले. लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार गेम मास्टरला दिला गेला. अडचण मांडणीची होती. लपण्याची चौकट सातव्या प्रकरणात, उजेड-अंधाराचे नियम आठव्यात आणि न दिसणाऱ्या हल्लेखोराचे नवव्यात, अशी विभागणी असल्याने पूर्ण नियम एका जागी वाचायला मिळत नसे. काळोखात पाहू शकणाऱ्या पात्रालाही गडद अंधार संधिप्रकाशासारखाच दिसतो, आणि त्याच्या पॅसिव्ह आकड्यातून पाच वजा होतात. हे कलम त्यामुळेच अनेक टेबलांवर विसरले जाते.

२०१९ च्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने नेमकेपणावर भर दिला. एखाद्या शत्रूच्या दृष्टीने पात्र चारपैकी एका स्थितीत असते : ते स्पष्ट दिसते, दिसत नाही पण त्याची जागा कळते, जागाही कळत नाही, किंवा ते तेथे आहे याचीच गंधवार्ता नसते. जागा कळते पण दिसत नाही अशा पात्रावर वार करायचा, तर आधी वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा अधिक पडावे लागतात. म्हणजे निम्मे वार हवेत जातात. कोणते फासे गेम मास्टरने गुप्तपणे टाकायचे, हेही पुस्तकातच नमूद केलेले आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या सुधारित नियमांत लपण्यासाठी आधी आडोसा किंवा दाट अंधार आणि मग किमान १५ ची बेरीज लागते. यशस्वी पात्राला ‘इनव्हिजिबल’ ही स्थिती मिळते, आणि त्याची बेरीज हेच त्याला शोधणाऱ्यापुढचे लक्ष्य ठरते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, वार केला किंवा शत्रूला सापडले, की ती स्थिती संपते. नियम आटोपशीर झाला, पण आडोशातून उघड्यावर आलेले पात्र आपोआप सापडले असे मानायचे का, यावर खेळाडूंमध्ये लगेच मतभेद सुरू झाले.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. टक्केवारी, स्पर्धा, स्थिर आकडा, वर्तुळ, चार स्थिती यांपैकी प्रत्येक उपायाने आधीचा एखादा दोष घालवला. पण आडोसा पुरेसा आहे का, पहारेकरी कोणत्या बाजूला तोंड करून उभा आहे, हे ठरवणारा माणूस कोणत्याही आवृत्तीला वगळता आलेला नाही. चांगला नियम तो निवाडा सोपा करतो, त्याची जागा घेत नाही. म्हणून गेम मास्टरने फासा मागण्याआधी तीन गोष्टी टेबलावर स्पष्ट कराव्यात : येथे लपता येते का, फासा कोण आणि किती वेळा टाकणार, आणि तो फसला तर काय होणार. एवढे आधी ठरले, तर नियमपुस्तिका १९७४ ची असो वा २०२४ ची, दबकत निघालेल्या खेळाडूला न्याय मिळतो.